पॅडल मारून वीज: अंतराळवीरांच्या व्यायामाचा हिशोब कोकणातल्या पडवीत

शुभांशु शुक्ला २०२५च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, तेव्हापासून आमच्या देवगडकडच्या शाळांमध्ये विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. अंतराळवीर रोज दोन-दोन तास व्यायाम करतात, तर त्या सायकलला डायनॅमो लावून वीज का काढत नाहीत?

तोंडी उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पोरांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही पटत नाही. वॅट म्हणजे काय हे पायांना कळलं की डोक्यात आपोआप उतरतं. म्हणून हा लेख. यात आधी जुन्या सायकलवर पॅडल-जनरेटर कसा बांधायचा ते सांगतो, मग तो मोजायचा कसा ते, आणि शेवटी तेच आकडे घेऊन स्थानकावर जायचं. वाटेत हेही ठरेल की अशी वीज नेमकी कुठे कामाची आणि कुठे नुसता घाम. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आपल्याकडे कित्येक वाड्यांत बरेच दिवस लाइट नव्हती, मोबाइल चार्ज करायला माणसं गाडीच्या बॅटरीला लटकली होती. त्यामुळे हे यंत्र शाळेच्या प्रदर्शनात मांडून विसरून जायचं नाही, एवढं डोक्यात ठेवूनच बांधायचं.

वर नेमकं काय असतं

वजनरहित अवस्थेत हाडांवर भार येत नाही. व्यायाम केला नाही तर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, स्नायूही झिजतात. म्हणून स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा. त्यासाठी तीन मुख्य यंत्रं आहेत.

पहिलं सायकल. तिला सीट नसते, कारण बसायला वजनच नाही. बूट पॅडलला अडकवायचे, शरीर धरून ठेवायचं आणि पाय फिरवायचे. तिच्यावर २५ ते ३५० वॅटपर्यंत भार लावता येतो. दुसरं ट्रेडमिल. माणूस वर तरंगून जाऊ नये म्हणून खांद्या-कमरेला पट्टे बांधून त्याला खाली ओढून धरतात. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी अशा ट्रेडमिलवर बॉस्टन मॅरेथॉन पुरी केली, वेळ ४ तास २४ मिनिटं. तिसरं यंत्र वजन उचलण्यासारख्या व्यायामाचं. त्यात वजनं नसतात, निर्वात नळकांडी असतात. दट्ट्या ओढायचा, तो परत आत खेचतो. भार सुमारे २७० किलोपर्यंत लावता येतो, आणि खऱ्या वजनाला जसा जोर लागतो तसा वाटावा म्हणून चक्रं बसवलेली आहेत.

ही तिन्ही यंत्रं स्थानकाला कडक बांधलेली नसतात. तशी बांधली तर पॅडलच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सगळं स्थानक हलेल आणि नाजूक प्रयोग बिघडतील. म्हणून खाली कंपनं गिळणारी बैठक असते. हे ध्यानात ठेवा. वर एखादं यंत्र बसवायचं म्हणजे नुसतं यंत्र बसवून भागत नाही.

सायकल आणि मोटर निवडताना

मांगरात पडलेली जुनी, दांड्याची, लोखंडी रिमची सायकल सगळ्यात उत्तम. पुढचं चाक नसलं तरी चालेल. मागचं चाक मात्र सरळ हवं. डगमगणाऱ्या चाकावर पट्टा टिकत नाही, तेव्हा आधी स्पोक आवळून घ्या.

मोटर म्हणून २४ व्होल्ट, २५० वॅटची कायमचुंबकी डीसी मोटर घ्या. विजेच्या स्कूटर आणि सायकलींमध्ये ती वापरतात, भंगारवाल्याकडे किंवा दुरुस्तीच्या दुकानात मिळते. डीसी मोटर बाहेरून फिरवली की तीच जनरेटर होते, वेगळं काही करावं लागत नाही. गाडीचा अल्टरनेटर घेण्याच्या मोहात पडू नका. त्याला चुंबकत्व तयार करायलाच वीज द्यावी लागते, आणि आपली वीज मुळात मूठभर. सायकलचा बाटलीच्या आकाराचा जुना डायनॅमो तर तीन वॅटचा, तो विसरा.

बाकीची यादी छोटी आहे: सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची पुली, पातळ व्ही-बेल्ट, १५ अँपिअरचा शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), इनपुटला ३५ व्होल्टपर्यंत झेपणारा आणि व्होल्ट व अँपिअर दोन्ही बांधून देता येणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर (आत येणारे व्होल्ट कमी-जास्त असले तरी बाहेर ठरावीक देणारा), १० अँपिअरचा फ्यूज, डीसी वॅटमीटर, आणि १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी. वॅटमीटरवर पैसे वाचवू नका. तो नसेल तर हे यंत्र म्हणजे खेळणं.

बॅटरीबद्दल थोडं थांबून सांगतो. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासाची बॅटरी सगळीकडे मिळते म्हणून बरेच जण तीच लावतात. तिला दोन अँपिअरच्या वर चार्जिंग सोसत नाही. धडधाकट माणूस पॅडल मारायला बसला की तीन-चार अँपिअर सहज देतो, कधी पाचही. बॅटरी गरम होते, फुगते, वर्षभरात मरते. २६ अँपिअर-तासाची घेतलीत तर चिंता नाही. घरात इन्व्हर्टरची मोठी बॅटरी असेल तर तीही चालते, फक्त पायाच्या विजेने ती भरत बसायला फार दिवस लागतील.

गणित आधी, भोकं नंतर

पुलीचा आकार अंदाजाने ठरवू नका. मिनिटाला ६० फेऱ्या हा पॅडलचा आरामशीर वेग. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील तर मागचं चाक ६० × ४४ ÷ १८, म्हणजे मिनिटाला सुमारे १४७ फेरे घेईल. टायर काढलेल्या रिमचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर. पुली ५ सेंटिमीटरची असेल तर मोटर १२.४ पट वेगाने फिरेल, म्हणजे १,८०० च्या थोडं वर.

आता २४ व्होल्टवर ही मोटर भाराविना साधारण ३,३०० फेरे घेते असं धरा. तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवली तर ती २४ व्होल्ट देईल. मग १,८०० फेऱ्यांना १३ व्होल्ट, आणि पॅडल ७० वर नेलं तर १५. भार लागल्यावर त्यातले एक-दोन व्होल्ट उतरतात. बक-बूस्ट कन्व्हर्टर त्यासाठीच: आत ११ येवोत की २०, बाहेर १४.४ देतो. पोरं जोशात येऊन शंभरच्या वर फेऱ्या मारतात तेव्हा व्होल्टेज २२ च्या पुढे जातं. ३५ व्होल्टची अट यासाठी घातली.

दात्यांची संख्या आपल्या सायकलवर मोजून घ्या. सगळ्या सायकलींना ४४-१८ नसतात.

जोडणी

मागच्या चाकाचं टायर-ट्यूब काढा. लोखंडी रिमच्या खोबणीत पट्टा छान बसतो. सायकल घोडीवर चढवून मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर राहील अशी उभी करा. घोडीवर भरवसा ठेवू नका. मागच्या धुरीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी अँगलचे पाय वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या आणि त्या पायांवर प्रत्येकी एक चिरा ठेवा. आपल्याकडे चिऱ्यांना तोटा नाही. फक्त जांभ्याची ती लाल पूड मोटरच्या जाळीत जाते, म्हणून चिरा ठेवण्याआधी झाडून, जुन्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.

मोटर एका जाड फळीवर बसवा. फळीला लांबट खाचा पाडा, म्हणजे बोल्ट ढिले करून मोटर मागेपुढे सरकवता येते आणि पट्टा ताणता येतो. पुली मोटरच्या दांड्यावर घट्ट बसण्यासाठी लेथवाल्याकडून भोक नेमकं करून घ्या. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी ती थरथरते.

पट्टा विकत घेण्याआधी दोरी रिमवरून आणि पुलीवरून फिरवून लांबी मोजा. चाकाच्या धुरीपासून मोटर अर्ध्या मीटरवर असेल तर सव्वादोन मीटरच्या आसपास भरेल. पट्टा पातळ हवा. गिरणीचा जाड पट्टा इतक्या छोट्या पुलीवर वाकताना स्वतःच कितीतरी वॅट खातो. हात लावून पाहा, दहा मिनिटांत कोमट झालेला लागेल. तो कोमटपणा म्हणजे तुमचा घाम.

तारांचा क्रम असा. मोटरच्या अधिक तारेवर डायोड. तिथून कन्व्हर्टर, मग वॅटमीटर, मग फ्यूज, मग बॅटरी. फ्यूज बॅटरीच्या टोकाला जितका जवळ तितका बरा. तारा किमान अडीच चौरस मिलिमीटरच्या. डायोड कशासाठी? तो नसला तर पाय थांबताच बॅटरी मोटरला फिरवू लागते आणि साठवलेलं सगळं पट्टा फिरवण्यात जातं. फ्रीव्हीलमुळे पॅडल स्थिर राहतात आणि चाक मात्र आपलं आपण फिरत राहतं. पाहुण्यांना भूत वाटावं असं दृश्य, पण महागडं.

बॅटरी जोडण्याआधी मल्टीमीटरने अधिक-उणे तपासा. मोटर उलट्या दिशेने फिरली की टोकं उलटी होतात. कन्व्हर्टर बाहेर १४.४ व्होल्ट आणि ५ अँपिअरवर बांधा, आणि बॅटरी ७ अँपिअर-तासाचीच असेल तर २ अँपिअरवर. खरं तर पायाने बॅटरी जादा चार्ज करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, पण मर्यादा बांधलेली बरी.

दोन गोष्टींत हयगय नको. पट्टा आणि पुलीवर जाळीचं झाकण हवंच. ओढणी, लुंगी, लहान मुलांची बोटं, सगळं तिथेच अडकतं. आणि ही वीज घराच्या बोर्डात कधीही सोडू नका. तिची १२ व्होल्टची वायरिंग वेगळी, दिवे वेगळे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाशी खेळ नको.

खारी हवा

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहत असाल तर हा भाग बाकीच्यापेक्षा महत्त्वाचा. घाटावर अशी यंत्रं वर्षानुवर्षं चालतात. इथे पहिल्या पावसाळ्यातच तारांच्या टोकांवर हिरवट पूड चढते. ती चढली की प्रतिकार वाढतो, व्होल्ट तिथेच उतरतात आणि पॅडल मारणाऱ्याला वाटतं आपलीच ताकद कमी झाली.

टोकं नुसती पिळून बांधू नका. लग, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची टोपी, दाबून बसवा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा. चेनला तेल कमी आणि वारंवार. कन्व्हर्टर झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, पण त्याला खालून भोकं हवीत, नाहीतर आत दव साचतं. बॅटरी मात्र बंद पेटीत नको, चार्ज होताना तिच्यातून थोडा हायड्रोजन निघू शकतो. पावसाळ्यात सगळं यंत्र ओट्यावरून आत घ्या. माजघरात जागा अडते म्हणून घरचे बोलतील, ते ऐकून घ्यायचं.

आता मोजा

पहिली गोष्ट, बॅटरी न जोडता पॅडल मारून पाहा. पाय हलके फिरतात. मग बॅटरी जोडायला सांगा. जोडता क्षणी पॅडल जड होतं, जणू कुणी मागून सायकल धरली. हा क्षण प्रत्येक मुलाला अनुभवू द्या. वीज फुकट येत नाही हे पुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा इथे नीट कळतं. आठवीतली एक मुलगी पॅडल मारता मारता वॅटमीटरकडे बघत होती. आकडा ४८ वर होता. तिने विचारलं, "सर, आता हा फॅन लावला तर?" म्हटलं, लाव. आकडा चढला, तिचा चेहरा लाल झाला आणि मिनिटभरात तिनेच फॅन बंद केला. बाहेर पायरीवर बसलेले एक आजोबा मघापासून हे बघत होते. म्हणाले, "मेल्यांनो, येवढो घाम गाळून येक बल्ब? त्यापेक्षा दिवो लाय."

आजोबांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. तो किती बरोबर हे मोजायची पद्धत अशी: दहा मिनिटं पाय मोकळे करू द्या. मग वॅटमीटर शून्यावर आणून तासभर, नाहीतर निदान पंधरा मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने पॅडल मारा. शेवटी वॅट-तास लिहा. शिखराचा आकडा लिहू नका. तरणाबांड मुलगा दहा सेकंद ३०० वॅटही दाखवेल, त्याने मोबाइल चार्ज होत नाही.

व्यायामाची सवय असलेला साधारण माणूस तासभर ७५ वॅटच्या आसपास पायांतून देऊ शकतो. त्यातले दहा टक्के चेन आणि पट्टा खातो. मोटर जनरेटर म्हणून पाऊण भागच परत देते. डायोड आणि कन्व्हर्टर आणखी थोडं घेतात. वॅटमीटरवर ४५ च्या आसपास दिसतात. बॅटरीत घालून पुन्हा काढताना आणखी गळती. हातात राहतात ३५ ते ४० वॅट-तास.

त्यात काय होतं? ९ वॅटचा एलईडी दिवा चार तास. किंवा पाच हजार मिलिअँपिअर-तासाचा एक मोबाइल पूर्ण आणि दुसरा अर्धा. जुना ७५ वॅटचा छताचा पंखा अर्धा तास, नवा ३० वॅटचा पंखा सव्वा तास. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप? तो एक मिनिटही नको, सुरू होतानाच सगळं बसेल. आणि महावितरणच्या बिलावरचं एक युनिट, म्हणजे १,००० वॅट-तास, भरायला, अगदी ४० वॅट-तास धरले तरी, पंचवीस तास पॅडल.

भाताचा हिशोब

अंतराळाचं उत्तर खरं तर इथेच आहे, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

शरीराचं इंजिन अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा पॅडलवर देतं, बाकी उष्णता. ७५ वॅट पायांतून हवे तर शरीर ३०० वॅट जाळतं. तासाला ३०० वॅट-तास म्हणजे सुमारे २६० किलोकॅलरी, म्हणजे दोनशे ग्रॅम शिजलेला भात. पंचवीस तासांचं गणित केलं तर एका युनिटला साडेसहा हजार किलोकॅलरी लागतात. कोरड्या तांदळात मोजायचं तर पावणेदोन किलोच्या वर. देशातली सगळ्यात महाग वीज बहुधा हीच.

आपण तो भात एरवीही खाणार होतो, व्यायाम एरवीही करायचाच होता, असं म्हणता येतं, आणि ते खरंही आहे. स्थानकाबद्दलही हाच युक्तिवाद करतात: व्यायाम होणारच आहे, वाया जाणारं तेवढं पकडा. तेव्हा अन्नाचा खर्च शून्य धरू आणि फक्त पकडण्याचा हिशोब करू. मुलांकडून हा हिशोब फळ्यावर करून घ्या, आकडे तोंडाने सांगू नका.

सात अंतराळवीर, प्रत्येकी एक तास सायकल, प्रत्येकाचे १०० वॅट. ७०० वॅट-तास. जनरेटरचा पाऊण भाग घेतला तर सव्वापाचशे. म्हणजे दिवसाला अर्धं युनिट.

स्थानकाच्या मूळ आठ सौरपंखांची क्षमता ८४ ते १२० किलोवॅट सांगितली जाते, २०२१पासून त्यांच्यावर नवे उलगडणारे पंखही बसवले. १०० किलोवॅट धरा. सातही जणांचा दिवसभराचा घाम तिथे अठरा सेकंद पुरतो.

आता दुसऱ्या बाजूने. पृथ्वीच्या कक्षेत दर चौरस मीटरवर १,३६१ वॅट ऊन पडतं, ना ढग, ना पाऊस. चांगल्या पॅनेलने त्यातले २८ टक्के पकडले तर ३८० वॅट. स्थानक दीड तासात एक फेरी मारतं, त्यातला तासापेक्षा थोडा कमी वेळ उन्हात. दिवसाचे साडेचौदा तास ऊन मिळतं. म्हणजे एका चौरस मीटरमधून पाच युनिटांच्या वर. सात माणसांपेक्षा दसपट, आणि त्याला पाणी प्यायला लागत नाही.

या ठिकाणी वर्गात शांतता होते. मग कुणीतरी म्हणतं, पण वजनाच्या यंत्रातून? तेही करून बघा. १,००० न्यूटनचा भार अर्धा मीटर ओढला की ५०० ज्यूल. शंभर वेळा ओढला की ५० हजार ज्यूल, म्हणजे १४ वॅट-तास. एक मोबाइलही भरत नाही. शिवाय यात एक गोम आहे. स्नायूला आणि हाडाला भार सावकाश खाली सोडतानाही ताण हवा असतो. ओढताना घातलेली ऊर्जा निर्वात नळकांडं परत देतं, म्हणून तो ताण मिळतो. तुम्ही ती ऊर्जा मध्येच काढून घेतली तर परतीच्या वाटेवर हाताला काहीच लागणार नाही, आणि ज्या कामासाठी माणूस घाम गाळतोय तेच काम अर्धवट राहील. ट्रेडमिलवर तर पट्टा बहुधा मोटरनेच फिरवतात. तिथे वीज जाते, येत नाही.

घामाचा पंखा

मे महिन्यात आपल्या पडवीत हे यंत्र चालवून बघा. हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. वीस मिनिटांत माणूस पंखा मागतो. १२ व्होल्टचा छोटा पंखा त्याच बॅटरीवर लावला की जे कमावलं त्यातलं बरंचसं त्याच्याच अंगावर वारा घालण्यात जातं. कोकम सरबत घरचं असतं म्हणून परवडतं.

वर हाच त्रास जास्त आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, घाम खाली ओघळत नाही. तो अंगावर जाड थराने चिकटून राहतो आणि सोडलेला श्वासही तोंडासमोर घोटाळतो. म्हणून व्यायामाच्या जागी हवा खेळती ठेवावीच लागते. त्या घामाचं पाणी हवेतून परत पकडून, शुद्ध करून पितात. २०२३ मध्ये पाणी परत मिळवण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत गेलं. जादा घाम म्हणजे त्या यंत्रणेवर जादा काम, जादा कार्बन डायऑक्साइड म्हणजे तो शोषणाऱ्या यंत्रणेवर जादा काम. आणि तयार केलेली वीज शेवटी कुठे जाते? दिव्यात, संगणकात, आणि तिथून उष्णता होऊन पुन्हा त्याच बंद खोलीत. ती बाहेर फेकायला अमोनियाच्या नळ्या आणि बाहेर पसरलेले रेडिएटर.

१९७३ची स्कायलॅबची, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ स्थानकाची, हकीकत इथे मुलांना जरूर सांगा. १४ मे रोजी उड्डाण होतानाच तिचा एक सौरपंख तुटून गेला आणि दुसरा पट्टीत अडकून उघडलाच नाही. विजेची मारामार. स्कायलॅबवर व्यायामाची सायकल होती. पण उपाय पॅडल मारून वीज करण्याचा निघाला नाही. ७ जूनला कॉनराड आणि कर्विन हे अंतराळवीर बाहेर पडले, लांब दांड्याच्या कातरीने ती धातूची पट्टी कापली आणि पंख ओढून उघडला.

मग उपयोग कुठे

माझं मत विचाराल तर अंतराळात पॅडलच्या विजेला एकच मानाची जागा आहे: ज्या यंत्रावर व्यायाम होतो त्या यंत्रापुरती. जनरेटर हा उत्तम ब्रेकही आहे. विजेचा भार वाढवला की पॅडल जड, कमी केला की हलकं, आणि त्याच विजेवर त्या यंत्राचा पडदा, वेगमापक, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा चालला की त्याला स्थानकाकडून तार लागणार नाही. चंद्राकडे जायच्या ओरायन यानासाठी चक्रावर चालणारं व्यायामाचं छोटं यंत्र केलं आहे, ते माणसाच्या जोरावरच चालतं. जागा कमी, वीज मोजकी, तिथे हेच शहाणपण.

चंद्रावर वस्ती झाली तर तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांची. सौर पॅनेल तेव्हा निरुपयोगी, पण म्हणून पाच-सात माणसांचं अर्धं युनिट तळ गरम ठेवू शकत नाही. एक रेडिओ आणि एक दिवा, तेवढं मात्र ते नक्की ठेवेल.

आपल्याकडेही यादी तेवढीच. वादळाच्या रात्री एक दिवा, एक मोबाइल, एक रेडिओ. रोजच्या विजेसाठी छपरावर पॅनेल टाका, सायकलवर मेहनत करू नका. पण आपला पावसाळा असा की जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा पॅनेलची बॅटरी उतरली की पायाचे ४० वॅट-तास सोन्याचे होतात. म्हणून दोन्ही एकाच बॅटरीवर जोडता येतात का, असं विचारतात. येतात, पण पॅनेलचा चार्ज कंट्रोलर वेगळा आणि सायकलचा कन्व्हर्टर वेगळा ठेवा. सायकलची तार पॅनेलच्या कंट्रोलरमध्ये घालू नका. बॅटरी भरली की तो कंट्रोलर पॅनेल तोडतो, तसाच जनरेटरही तोडेल. मग पॅडल एकदम हलकं होऊन पाय सटकतात, आणि भार गेलेल्या मोटरचं व्होल्टेज उसळून कंट्रोलर जळू शकतो.

घरात कुणी पॅडल मारायचं याचा तक्ता आधीच करा. वीस मिनिटांच्या पाळ्या उत्तम, त्यापुढे आकडा घसरतो. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना यातून वगळा. गणपतीत चाकरमानी येतात, तेव्हा पाळ्यांना माणसं भरपूर. मखराची एलईडी माळ १२ व्होल्टची घेतलीत तर आरतीपुरती ती सायकलवर सहज चालते. पण पाळी लावल्यावर वॅट-तासांची वही ठेवा, कारण मुंबईहून आलेला भाऊ शिखराचाच आकडा सांगत सुटतो.

बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका. २६ अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर ३१२ वॅट-तास, वापरायचे दीडशेच. यंत्र नुसतं पडून असलं तरी दोन-तीन महिन्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पट्टा, टोकं आणि फ्यूज तपासा. पट्ट्याला चिरा गेल्या असतील तर तेव्हाच नवा आणा, जूनमध्ये वादळाचा इशारा लागला की दुकानात मेणबत्तीही मिळत नाही.